आधी चिरा, मग थांबा, मग शिजवा: ब्रोकोली आणि तिच्या कुळातील भाज्यांमधील गुणकारी द्रव्ये ताटापर्यंत कशी आणावीत

ब्रोकोलीच्या अखंड गड्ड्यात सल्फोराफेन जवळजवळ नसतेच. ज्या द्रव्यामुळे या भाजीचे एवढे नाव झाले, ते गड्डा शेतात उभा असताना तयार झालेले नसते. आपण तो चिरतो, किसतो किंवा दातांनी चावतो तेव्हा ते तयार होऊ लागते, आणि भाजी शिजवण्याची घाई केली तर ते तयार होण्याची वाटच बंद होते. एकाच ढिगातून उचललेले ब्रोकोलीचे दोन गड्डे दोन स्वयंपाकघरांत गेले, तर खाणाऱ्यांच्या शरीरात पोहोचणाऱ्या सल्फोराफेनमध्ये कित्येक पटींचा फरक पडू शकतो, तो यामुळेच. भाजी कोणती घ्यावी याची चर्चा पुष्कळ होते. ती कोणत्या क्रमाने हाताळावी हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, म्हणून या लेखात भर त्या क्रमावर आहे.

सुरी लागते तेव्हा काय घडते

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स या दिसायला इतक्या निरनिराळ्या भाज्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या, म्हणजे ब्रॅसिका ओलेरेसियाच्या, आहेत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कुठे पानांचा गड्डा, कुठे कळ्यांचा गुच्छ, तर कुठे फुगलेले खोड वाढवत नेले आणि एका रानटी रोपाच्या एवढ्या भाज्या झाल्या. मुळा, सलगम, मोहरी, अळीव आणि अरुगुला या त्यांच्या चुलत भावंडांचे कूळही तेच. फुलाच्या चार पाकळ्या क्रूसासारख्या मांडलेल्या असणे ही या कुळाची बाहेरून दिसणारी खूण आहे. आतली खूण म्हणजे ग्लुकोसिनोलेट नावाची, गंधक आणि नायट्रोजन असलेली संयुगे. त्यांचे १२० हून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत.

ग्लुकोसिनोलेट स्वतः फारसे काही करत नाहीत. वनस्पती त्यांना पेशींतील रिक्तिकांमध्ये साठवते आणि त्यांचे विघटन करणारे मायरोसिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळ्या पेशींत सांभाळून ठेवते. अळीने पान कुरतडले की मधल्या भिंती तुटतात, दोन्ही द्रव्ये एकत्र येतात आणि तिखट, झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होऊन अळीच्या तोंडची चव जाते. बंदुकीची दारू एका खोलीत आणि ठिणगी दुसऱ्या खोलीत ठेवण्यासारखी ही व्यवस्था आहे. मोहरीचा दाणा तसाच गिळला तर काहीच जाणवत नाही. तो वाटून ओला केला की नाकात झिणझिण्या येतात, त्यामागे हीच रासायनिक क्रिया असते.

कोणत्या ग्लुकोसिनोलेटपासून काय तयार होते, यावर त्या त्या भाजीचा स्वभाव ठरतो. ब्रोकोलीत प्रामुख्याने ग्लुकोराफेनिन असते आणि त्याचे सल्फोराफेन होते. मोहरी, कोबी आणि ब्रसेल्स स्प्राउट्समधील सिनिग्रिनपासून अलाइल आयसोथायोसायनेट तयार होते. मोहरीचा तिखटपणा त्याचाच. जवळपास सर्वच भाज्यांत थोड्याफार प्रमाणात असणाऱ्या ग्लुकोब्रॅसिसिनपासून इंडोल-३-कार्बिनॉल बनते आणि जठरातील आम्लात त्याचे रेणू जोडीजोडीने जुळून डायइंडोलिलमिथेन तयार होते.

या साखळीत एक अडथळाही आहे, आणि पुढच्या पायऱ्या समजण्यासाठी तो लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ब्रोकोलीत एपिथायोस्पेसिफायर नावाचे एक प्रथिन असते. मायरोसिनेज काम करत असताना हे प्रथिन मध्ये पडते आणि बऱ्याच ग्लुकोराफेनिनचे सल्फोराफेनऐवजी नायट्राइल करून टाकते. हा नायट्राइल आपल्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. म्हणून पूर्णपणे कच्ची ब्रोकोली हाच सर्वोत्तम मार्ग, अशी जी समजूत आहे ती अर्धीच खरी आहे.

हे द्रव्य शरीरात काय करते, आणि कितपत खात्रीने

१९९२ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळे केले आणि ते शरीरातील संरक्षक विकरांना चालना देते, असे दाखवले. आपल्या पेशींत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन असते. एरवी केप-१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते. सल्फोराफेन केप-१ ला चिकटले की एनआरएफ-२ मोकळे होते, पेशीकेंद्रात शिरते आणि विषारी पदार्थांना निष्प्रभ करून बाहेर टाकणाऱ्या कितीतरी विकरांची जनुके जागी करते. म्हणजे सल्फोराफेन स्वतः लढत नाही, ते पहारेकऱ्यांना उठवते. याचा एक व्यावहारिक अर्थ असा की सल्फोराफेनचा मोठा हिस्सा दिवसभरात मूत्रावाटे निघून गेला तरी जागी झालेली विकरे त्यापेक्षा अधिक काळ टिकतात. म्हणून महिन्यातून एकदा भरपूर ब्रोकोली खाण्यापेक्षा आठवड्यातून काही वेळा बेताची खाणे अधिक शहाणपणाचे ठरते.

माणसांवरील पुराव्याबाबत मात्र सावध राहिलेले बरे. चीनमधील छिदोंग या भागात सुमारे ३०० लोकांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या कोवळ्या मोडांचे पेय देण्यात आले, तेव्हा हवेतून शरीरात गेलेले बेंझीन हे विषारी प्रदूषक बाहेर टाकण्याचे प्रमाण ६१ टक्क्यांनी वाढल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. हा निष्कर्ष ठोस आहे; पण त्यावरून ब्रोकोलीने कर्करोग टळतो असे म्हणणे म्हणजे दोन पायऱ्या गाळून उडी मारणे होय. कर्करोगाविषयीचे बरेचसे काम पेशींवर, प्राण्यांवर किंवा लोकांच्या आहाराच्या नोंदींवर झालेले आहे. या भाज्या नियमित खाव्यात इतके म्हणायला ते पुरेसे आहे, कोणत्याही उपचाराऐवजी त्या खाव्यात असे म्हणायला मुळीच नाही.

पहिली पायरी: निवड आणि साठवण

गड्डा घट्ट, कळ्या मिटलेल्या आणि गडद हिरव्या, दांड्याचा कापलेला भाग ओलसर असावा. कळ्या पिवळ्या पडू लागल्या असतील तर भाजी म्हातारी झाली असे समजावे. घरी आणल्यावर ती न धुता आणि न चिरता फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. बाहेरच्या उबदार हवेत ग्लुकोराफेनिन झपाट्याने घटते; ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ते बरेच टिकून राहते. बाजारात आधीच चिरून, पाकीटबंद करून ठेवलेली कोबी किंवा ब्रोकोली सोयीची असली तरी तिच्यातील क्रिया आपण पाकीट उघडण्यापूर्वीच सुरू होऊन बरीच पुढे गेलेली असते.

दांडा फेकू नये. तुऱ्यांइतके नसले तरी त्यातही ग्लुकोराफेनिन असते, आणि वरची राठ साल काढली की आतला गर नवलकोलासारखा गोडसर लागतो.

दुसरी पायरी: चिरणे आणि थांबणे

साऱ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. भाजी धुऊन घ्यावी, बारीक चिरावी आणि मग तिला हात न लावता तशीच ठेवावी. जितके बारीक चिरू तितक्या अधिक पेशी फुटतात. मोठमोठे तुरे तोडून घेतले तर फक्त कापलेल्या पृष्ठभागावरच क्रिया घडते आणि आतला साठा तसाच राहतो.

किती वेळ थांबावे? चीनमधील संशोधकांनी ब्रोकोलीचे २ मिलिमीटरचे तुकडे करून ते ९० मिनिटे ठेवले आणि मग परतले, तेव्हा चिरल्याबरोबर परतलेल्या ब्रोकोलीपेक्षा त्यांत सल्फोराफेन २.८ पट आढळले. रोज दीड तास वाट पाहणे कोणालाही जमणारे नाही, पण अर्ध्या तासानेही चांगला फरक पडावा असे त्याच संशोधकांनी नोंदवले आहे. स्वयंपाकाला लागताना सर्वांत आधी ही भाजी चिरून बाजूला ठेवावी आणि बाकीची तयारी नंतर करावी. तेवढ्यात तो अर्धा तास आपोआप निघून जातो.

थांबण्याचा फायदा असा की सल्फोराफेन एकदा तयार झाले की भाजी शिजवली तरी ते बऱ्यापैकी टिकते. उष्णतेला नाजूक असते ते विकर. त्याचे काम आधीच उरकून घेतले, तर ते पुढे कढईत नष्ट झाले तरी आपले फारसे बिघडत नाही.

याच काळात भाजीवर लिंबू किंवा व्हिनेगर घालू नये. आम्लता वाढली की क्रियेचा कल नायट्राइलकडे झुकतो. लिंबाची चव हवी असेल तर ते वाढताना पिळावे. हीच रीत कोबी, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्सनाही लागू आहे. कोबी तर मुळातच बारीक चिरली जात असल्याने तिच्या बाबतीत फक्त थांबण्याचे पथ्य उरते.

तिसरी पायरी: उष्णता

येथे दोन आकडे उपयोगी पडतात. अडथळा आणणारे ते प्रथिन ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाच-दहा मिनिटांत निकामी होते; ब्रोकोलीतील मायरोसिनेज मात्र ७० अंशांच्या पुढे गेल्यावर झपाट्याने नष्ट होऊ लागते. या दोहोंमधली चिंचोळी जागा हीच आपली जागा. त्या तापमानात नको असलेले प्रथिन जाते, हवे असलेले विकर राहते, आणि सल्फोराफेन कच्च्या भाजीपेक्षाही अधिक तयार होते.

घरी थर्मामीटर लावून कोणी भाजी करत नाही, आणि करावी असे माझे म्हणणेही नाही. त्याऐवजी वाफेवर तीन ते चार मिनिटे ठेवण्याचा मार्ग जवळजवळ तेवढाच परिणाम साधतो. पाण्याला उकळी आल्यावर चाळणीत चिरलेली ब्रोकोली पसरावी, झाकण ठेवावे, आणि रंग उजळ हिरवा होताच ती ताबडतोब उतरवून पसरट ताटात काढावी, म्हणजे आतल्या उष्णतेने ती पुढे शिजत राहणार नाही. दाताखाली किंचित करकरीत लागली तर वेळ बरोबर साधली. रंग शेवाळी झाला की समजावे, विकर गेले.

सर्वांत वाईट पद्धत म्हणजे भरपूर पाण्यात उकळणे. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात केलेल्या मोजमापांत अर्धा तास उकळल्यावर ब्रोकोलीतील ७७ टक्के, फ्लॉवरमधील ७५ टक्के, कोबीतील ६५ टक्के आणि ब्रसेल्स स्प्राउट्समधील ५८ टक्के ग्लुकोसिनोलेट नाहीसे झाले. त्यातला मोठा भाग नष्ट झालेला नव्हता, तो पाण्यात उतरला होता. त्यामुळे उकळायचेच असेल तर सूप करावे, म्हणजे पाणी पोटातच जाईल. वाफवणे, थोडा वेळ परतणे आणि मायक्रोवेव्हमध्ये शिजवणे या तिन्ही पद्धतींत त्याच प्रयोगात लक्षणीय घट दिसली नव्हती. मात्र ग्लुकोसिनोलेट उरले म्हणजे विकरही उरले असे नव्हे, आणि पूर्ण शक्तीवर चालवलेला मायक्रोवेव्ह विकराचा निकाल फार लवकर लावतो.

शिजवताना किंवा वाढताना चमचाभर तेल घालावे. सल्फोराफेनसाठी त्याची गरज नाही; केल आणि ब्रोकोलीतील ल्युटीन व बीटा-कॅरोटीन ही रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषली जातात. लाल कोबीतील अँथोसायनिन मात्र पाण्यात विरघळणारे असल्याने तिला पाण्यापासून शक्य तितके दूर ठेवावे.

चौथी पायरी: भाजी शिजून गेली असेल तर मोहरी

चिरून थांबायला वेळच मिळाला नाही, भाजी जास्त शिजली, किंवा भाजी गोठवलेली होती, अशा सर्व प्रसंगी एक साधा उपाय आहे. ब्रोकोलीतील विकर गेले असले तरी ग्लुकोराफेनिन शिल्लक असू शकते; त्याला बाहेरून विकर पुरवले की झाले. मोहरीत ते भरपूर असते, शिवाय मोहरीतील मायरोसिनेज ब्रोकोलीतील विकरापेक्षा उष्णतेत अधिक टिकून राहते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात शिजवलेल्या २०० ग्रॅम ब्रोकोलीवर १ ग्रॅम मोहरीची पूड घालून ती १२ जणांना दिली, तेव्हा त्यांच्या शरीरात पोहोचलेले सल्फोराफेन चौपटीहून अधिक भरले. १ ग्रॅम म्हणजे अर्धा चहाचा चमचा धरावा.

पूड कच्च्या मोहरीची हवी आणि ती भाजी विस्तवावरून उतरवून थोडी निवल्यावर मिसळायला हवी. गरम तेलात तडतडलेल्या मोहरीत हे विकर जिवंत उरत नाही, त्यामुळे चवीला ती कितीही चांगली असली तरी या कामाची नाही. मोहरीची चव आवडत नसेल तर कच्चा मुळा किसून बाजूला घ्यावा किंवा अरुगुलाची चार पाने भाजीबरोबर चावून खावीत. विकर त्यांतही असते.

गोठवलेल्या ब्रोकोलीचा येथे मुद्दाम उल्लेख करायला हवा. गोठवण्यापूर्वी ती गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, म्हणजे साठवणीत तिचा रंग आणि वास बिघडत नाही. पण त्यात मायरोसिनेज जवळजवळ संपते. अशी ब्रोकोली चिरून दीड तास ठेवली तरी काही घडणार नाही. तिच्यावर मोहरीची पूड किंवा मुळ्याचा कीस घातला की ती पुन्हा कामाला येते.

विकर मुळीच मिळाले नाही तरी सगळे वाया जात नाही, हेही सांगायला हवे. आतड्यातील काही जिवाणू ग्लुकोराफेनिनचे रूपांतर करू शकतात. पण ते माणसागणिक फार बदलते आणि एकूणात तोकडे पडते: नेदरलँड्समधील एका प्रयोगात कच्च्या ब्रोकोलीतून ३७ टक्के, तर विकर नष्ट होईल इतक्या शिजवलेल्या ब्रोकोलीतून केवळ ३.४ टक्के सल्फोराफेन शरीराला मिळाले होते. केवळ ग्लुकोराफेनिन असलेल्या गोळ्यांची अडचणही हीच आहे. डबीवर मायरोसिनेजचा उल्लेख नसेल तर त्या गोळीचा किती उपयोग होईल, हे घेणाऱ्याच्या आतड्यावर सोपवलेले असते.

मोड काढायचे असतील तर

१९९७ साली त्याच जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या मोडांत पूर्ण वाढलेल्या भाजीच्या १० ते १०० पट ग्लुकोराफेनिन असल्याचे प्रसिद्ध केले आणि मोडांची लाट आली. ते काढणे अवघड नाही. खास मोडांसाठी विकले जाणारेच बी घ्यावे, कारण पेरणीच्या बियांना बुरशीनाशक चोळलेले असू शकते. बी सहा-आठ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, तोंडाला जाळी बांधलेल्या स्वच्छ बरणीत तिरके ठेवावे आणि दिवसातून दोन-तीनदा धुऊन निथळावे. तीन ते पाच दिवसांत दोन इवली पाने उमलतात. मग ते फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत आणि खाताना चांगले चावावेत.

परंतु मोडांना लागणारी ऊब आणि ओल साल्मोनेला व ई. कोलाय यांनाही तितकीच मानवते, आणि हे जंतू बहुधा बियांबरोबरच आलेले असल्याने बरणी कितीही स्वच्छ असली तरी धोका पूर्ण जात नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी कच्चे मोड खाऊ नयेत. मला विचाराल तर बहुतेकांना या खटाटोपाची गरज नाही. नीट हाताळलेली साधी ब्रोकोली पुरेशी आहे.

कडवटपणाविषयी

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी १९९० साली आपण आता राष्ट्राध्यक्ष असल्यामुळे यापुढे ब्रोकोली खाणार नाही, असे जाहीर करून टाकले होते. अशा लोकांना हसण्यात अर्थ नाही. टीएएस-२-आर-३८ या जनुकाच्या काही रूपांमुळे माणसाला या कुळाचा कडूपणा इतरांपेक्षा खरोखरच अधिक जाणवतो. अशांनी ब्रसेल्स स्प्राउट्सपासून सुरुवात करू नये. फ्लॉवर आणि नवलकोल सौम्य असतात. चिमूटभर मीठ आणि थोडे तेल कडूपणा बराच दडपते, तर भाजी जास्त शिजवल्याने गंधकाचा उग्र वास सुटून ती आणखीच नकोशी होते.

किती खावे आणि कोणी जपून खावे

ठरावीक मात्रा कोणी सांगितलेली नाही. वाटीभर भाजी आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि दर वेळी ब्रोकोलीच न घेता कुळातील भाज्या आलटून पालटून, हे प्रमाण मला रास्त वाटते. सवय नसताना एकदम अधिक खाल्ले तर पोटात वायू धरतो, कारण यांतील रॅफिनोज आपल्याला पचत नाही, ते आतड्यातील जिवाणू आंबवतात. प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पोट नाजूक असणाऱ्यांनी कच्च्यापेक्षा वाफवलेली भाजी घ्यावी.

थायरॉइडविषयीची भीती बरीच अतिरंजित असली तरी निराधार नाही. या कुळातील काही ग्लुकोसिनोलेटपासून गॉयट्रिन आणि थायोसायनेट तयार होतात व ती थायरॉइडच्या कामात आणि आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात. अनेक महिने रोज १ ते १.५ किलो कच्ची बोक चॉय, म्हणजे याच कुळातील एक चिनी पालेभाजी, खाणारी ८८ वर्षांची एक स्त्री थायरॉइडच्या तीव्र कमतरतेने बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आल्याची नोंद २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. हे टोकाचे उदाहरण आहे. आहारात आयोडीन पुरेसे असेल तर वाटीभर शिजवलेल्या भाजीने असे काही होत नाही. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी कच्च्या पानांचे मोठाले रस मात्र टाळावेत.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. १०० ग्रॅम ब्रोकोलीत सुमारे १०० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ‘के’ असते, केलमध्ये त्याहून पुष्कळ अधिक, आणि हे जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. अशांनी या भाज्या सोडण्याची गरज नाही, पण प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवावे, आणि हा लेख वाचून ते वाढवायचे ठरवले तर वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे रक्ताची पुढची तपासणी त्या हिशेबाने लवकर करून औषधाची मात्रा जुळवता येईल.